जबलपूर १७० मैल : नागपूरहून उत्तरेकडे निघालेल्या एका वाटेची गोष्ट

नागपूरच्या झिरो माइलपाशी येणारा बहुतेक प्रवासी चार घोड्यांजवळ छायाचित्र काढतो, ‘भारताचा मध्यबिंदू’ पाहिल्याचे समाधान मानतो आणि निघून जातो. खांबाच्या षटकोनी चौथऱ्यावर कोरलेली गावांची नावे मात्र फारसे कोणी वाचत नाही. हैदराबाद ३१८ मैल, चांदा १२५, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, शिवनी ७९ आणि जबलपूर १७०. शेजारच्या दगडावर १९०७ हे साल आहे. तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमाणदगड असून समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी बसवलेला आहे. देशाचा मध्य ठरवण्याचा दावा त्या दगडाने स्वतः कधी केलेला नाही. तो मान लोकांनी त्याला दिला.

या यादीतील शिवनी आणि जबलपूर ही दोन नावे एकाच वाटेवरची आहेत. कामठी, मनसर, देवलापार, खवासा, शिवनी, जबलपूर आणि पुढे रीवामार्गे गंगेकाठचे मिर्झापूर. इंग्रजी अमदानीत या वाटेला ‘ग्रेट डेक्कन रोड’ म्हणत. हे नाव साहेबांनी नव्याने घडवल्यासारखे वाटते, पण त्यातला ‘डेक्कन’ म्हणजे ‘दक्खन’, आणि दक्खन आला ‘दक्षिण’ या शब्दातून. उत्तरेकडून खाली येणाऱ्या मार्गाला प्राचीन वाङ्मयात ‘दक्षिणापथ’ म्हटले आहे, आणि पुढे त्या मार्गाचेच नाव साऱ्या प्रदेशाला मिळाले. म्हणजे इंग्रजांनी केला तो एका फार जुन्या शब्दाचा अनुवाद, तोही बहुधा नकळत.

हा रस्ता आज मोटारीने चार-पाच तासांत संपतो. पण त्याचा इतिहास घडला तो पायी आणि बैलाच्या चालीने, आणि म्हणून तो सावकाश चालतच वाचावा लागतो.

नागपूर सोडल्यावर पहिला मुक्काम कामठी. अंतर साधारण दहा मैल. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण कूच करणाऱ्या पलटणीची दिवसाची मजल साधारण दहा-बारा मैलांचीच असे. त्या हिशेबाने नागपूर ते जबलपूर हा दोन आठवड्यांचा प्रवास होता. प्रत्येक मजलेच्या शेवटी पाणी, सावली आणि तंबू ठोकण्याजोगी मोकळी जागा लागे. जुन्या मार्गावर चिंच, आंबा, वड यांची राई अचानक दिसली आणि जवळ विहीर किंवा तलाव असला, तर तो पूर्वीचा पडाव असण्याची शक्यता विचारात घ्यावी. चिंचेच्या झाडाला दीडशे-दोनशे वर्षे हे काही मोठे वय नव्हे. दप्तरे जळतात, वाळवी खाते. पण पडावावर लावलेले झाड जागा सोडत नाही. कोणी तोडत नाही तोवर.

कामठीची छावणी १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी वसली. इंग्रजांनी इथे टी अक्षराच्या आकाराची छावणी मांडली म्हणून ‘कॅम्प-टी’ आणि त्याचे ‘कामठी’, ही व्युत्पत्ती नागपुरात सर्रास सांगितली जाते. ती ऐकायला गंमतीची आहे, इतकेच. छावणीत मद्रास पलटणी असत आणि त्यांच्यासोबत तमिळ व तेलुगू भाषक कुटुंबे आली. उत्तरेकडून याच वाटेने विणकर आले. त्यामुळे एका लहान गावात दक्षिण टोक आणि गंगेचे खोरे शेजारी राहू लागले. रस्ता माल नेतो हे सर्वांना ठाऊक असते, पण तो माणसे आणून सोडतो आणि ती माणसे परत जात नाहीत, हे कामठीच्या बाजारात फिरताना कळते.

कन्हानवर इंग्रजांनी दगडी पूल बांधला. त्याआधी नदी ओलांडणे म्हणजे काय होते, याची कल्पना नागपूरच्याच दुसऱ्या एका घटनेवरून यावी. स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञ. नागपूरच्या ज्या महाविद्यालयाला आज त्याचे नाव आहे, तोच. सप्टेंबर १८६३ मध्ये शहराच्या दक्षिणेस टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून तो परतत होता. वाटेत पावसाने फुगलेला ओढा लागला आणि त्यात तो घोड्यासह शिरला. घोडा परत आला, हिस्लॉप आला नाही. ओढ्याची ही कथा, तर कन्हानसारख्या नदीची काय सांगावी! पावसाळ्याचे चार महिने हा महामार्ग जवळजवळ बंदच असे.

मग या वाटेवरून जात होते तरी काय? मुख्यतः कापूस. नागपूर आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकलेला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर लादला जाई आणि सातपुडा ओलांडून मिर्झापूरला पोचे. तिथून तो गंगेतील नावांतून खाली बंगालकडे जाई. नागपूरपासून मिर्झापूर चारशेहून अधिक मैल. लादलेला बैल चरत चरत चालतो. दिवसाला सात-आठ मैल झाले तरी पुष्कळ. म्हणजे एका खेपेला सुमारे दोन महिने. तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल असत. एवढ्या जनावरांना चारा आणि पाणी जिथे मिळेल तिथूनच वाट जाणार, हे उघड आहे. नकाशावर वाट सरळ रेघेत का जात नाही याचे उत्तर अनेकदा डोंगरापेक्षा पाणवठ्यांत सापडते.

कापसाचे या प्रवासात फार हाल होत. धुळीने तो मळे, वळिवाच्या पावसात भिजून जड होई, मागच्या बैलांनी पुढच्या गोणीतून तोंडभर ओढला तर तेवढा कमी होई. परतीच्या खेपेत बैलांवर कापड, साखर, धातूची भांडी येत. बंजारा स्त्रिया, मुले, कुत्री, पाठीवर बांधलेला संसार असे सारे गावच चालत असे. पुढे ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का ज्यांच्यावर मारण्यात आला, त्यांच्यावाचून त्याआधीच्या पिढ्यांत ना बाजार चालले, ना फौजांना धान्य मिळाले. या रस्त्याला कोणाचे नाव द्यायचेच झाले असते तर पहिला हक्क त्यांचा होता.

या वाटेवर राजकारणही चालत आले. १७९८ मध्ये पेशव्यांकडून मंडला आणि नर्मदेकाठचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि वीसेक वर्षे नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच सत्तेखाली राहिली. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. झिरो माइलपासून ती टेकडी हाकेच्या अंतरावर आहे. मुधोजी भोसले तथा आप्पासाहेब यांची फौज हरली, डिसेंबरात नागपूर पडले आणि मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना कैद केले.

मे महिन्यात त्यांना अलाहाबादेस नेण्यासाठी पहाऱ्यात बाहेर काढण्यात आले. उत्तरेची वाट. वैशाखाचे ऊन, पळस-मोहाचा बहर ओसरलेला, सागाची पाने गळून रान उघडे पडलेले. राज्य गेलेला राजा आपल्याच मुलखातून मजल-दरमजल करत चालला होता, आणि दर मजलेगणिक ओळखीची भाषा मागे पडत होती. जबलपूर जवळ आले असताना एका रात्री पहाऱ्यातील काही शिपाई फितले. आप्पासाहेबांनी शिपायाचा पोशाख चढवला आणि ते छावणीतून निघून गेले. महादेवाच्या डोंगरांत, म्हणजे आजच्या पचमढीच्या परिसरात, गोंड सरदारांनी त्यांना आश्रय दिला. हर्रईचा चैनशहा त्यांत प्रमुख होता. १८१९ च्या आरंभी ते असीरगडावर पोचले. तो किल्लाही त्याच वर्षी पडला. त्यानंतर पंजाब, हिमालयाच्या पायथ्याची संस्थाने अशी वणवण झाली आणि अखेर जोधपूरला १८४० मध्ये त्यांचा अंत झाला. नागपूर त्यांना पुन्हा दिसले नाही.

शालेय पुस्तकांत सीताबर्डीची लढाई दोन ओळींत येते आणि संपते. ती प्रत्यक्षात संपली नाही. पक्का रस्ता फौजेच्या हाती होता, पण दोन्ही बाजूंचे रान गोंडांचे होते, आणि फौजेला ते रान काबीज करायला आणखी बराच काळ लागला. या एका पलायनात तो फरक स्पष्ट दिसतो.

शिवनी-लखनादोनचा पुढचा टप्पा ठगांच्या कथांनी गाजला. जबलपूरचा विल्यम स्लीमन आणि त्याची १८३० च्या दशकातील मोहीम यांवर कादंबऱ्या निघाल्या, चित्रपट निघाले. प्रवाशांच्या हत्या होत होत्या यात शंका नाही. पण ‘ठगी’ नावाचा एकसंध, धर्मबद्ध, देशव्यापी पंथ होता, हे चित्र माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे आहे. माफी हवी असलेला माणूस विचारणाऱ्याला हवे ते सांगतो. अलीकडचे इतिहासकार म्हणूनच त्या कागदांकडे सावधपणे पाहतात. तरुण वाचकांनीही तसेच पाहावे. पुढे या वाटेवरच्या रानाला आणखी एक कीर्ती मिळाली. रुडयार्ड किपलिंगने मोगलीच्या कथा शिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी घडवल्या. ती वैनगंगा शिवनीच्या दक्षिणेस गोपाळगंजजवळील मुंडारा येथे, या महामार्गापासून जवळच उगम पावते. किपलिंग मात्र या जंगलात कधी आला नव्हता.

आता पुन्हा दक्षिणेकडे, कन्हान ओलांडल्यानंतरच्या रस्त्यावर यावे. इथे सपाट काळी जमीन हळूहळू मुरमाड होते, शेतांच्या बांधांवर मोहाची झाडे दिसू लागतात आणि समोर मनसर व रामटेकच्या टेकड्या उभ्या राहतात. साऱ्या मार्गात रमतगमत पायी फिरावे असा टप्पा हाच.

मनसरचे दगड काळे आणि हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागतात. ते मँगनीज. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इथे खाणी सुरू झाल्या आणि आजही खाणकाम चालू आहे. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांनी बनलेल्या इथल्या खडकाला लुई फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने ‘गोंडाइट’ असे नाव दिले. गोंडांचे राज्य गेले, पण जगभरच्या खनिजशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव एका दगडाला चिकटून राहिले.

त्याच मनसरला, महामार्गालगत, हिडिंबा टेकडी आहे. भीमाच्या हिडिंबेची कथा जोडलेली ही टेकडी वस्तुतः विटांच्या बांधकामाचा ढीग होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन सुरू झाले आणि मातीखालून पाचव्या शतकातील वाकाटक काळाचे भव्य मंदिर बाहेर आले. प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रा तिथे मिळाल्या, आणि दुसऱ्या प्रवरसेनाने वसवलेले प्रवरपूर ते हेच, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी प्रवरपूर वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे असल्याचे मानले होते. वाद रंगण्यासारखा आहे, कारण दोन्ही बाजूंना वजनदार पुरावा आहे. मनसरलाच १९७२ मध्ये सापडलेली शिवमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गुबगुबीत देह, सुरेख केशरचना आणि चेहऱ्यावर विलक्षण शांत भाव.

मनसरहून रामटेक सात-आठ किलोमीटर. रामटेकच्या पायथ्याशी नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. इथल्या अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारला आणि अल्पवयीन मुलांच्या वतीने तिने राज्य चालवले. आपल्या ताम्रपटांत ती सासरच्या आधी माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ देते. हा बारकावा बोलका आहे. उत्तरेतील साम्राज्याशी नाते टिकवायचे तर दूत, व्यापारी, भिक्षू आणि लेखक यांची ये-जा हवी, आणि ती सातपुड्यातील खिंडीतूनच होणार. रामटेकच्या डोंगरावर नरसिंहाची दोन वाकाटककालीन मंदिरे आजही उभी आहेत. महाराष्ट्रातील उभ्या मंदिरांत याहून जुनी शोधावी लागतील. वर गडावर लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे, आणि आजच्या गडमंदिराच्या उभारणीत भोसल्यांचा मोठा वाटा आहे. एका टेकडीवर तीन राजवटी पायऱ्या चढता चढता भेटतात.

मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे मिराशींनी साधार मांडले. ते मान्य केले तर कालिदासाचा मेघही याच वाटेने उत्तरेकडे निघतो. नर्मदेकडे जाणाऱ्या ढगाला आणि कापसाच्या बैलाला दिशा एकच.

आषाढात अंबाळा तलावाच्या काठाने गडाकडे जाणाऱ्या पायऱ्या ओल्या होतात आणि डोंगर हिरवा होतो. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला ही वाट माणसांनी भरते. फाल्गुनात पळस पेटतो. चैत्रात पहाटे मोहाखाली फुले वेचणारी कुटुंबे असतात. टोपल्या, लहान मुले, आणि फुलांचा तो गोड-आंबूस वास. पायथ्याशी विड्याच्या पानांचे मळे आहेत आणि रामटेकचे पान विदर्भात प्रसिद्ध आहे. चालणाऱ्याने घाई केली नाही तर सागाच्या रानात वर्षा ऋतूत नवरंग पक्ष्याची शीळ ऐकू येते.

बैलांच्या पाठीवरचा व्यापार थांबला तो रेल्वेमुळे. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये मुंबई-अलाहाबाद रेल्वेमार्ग जबलपूरला जोडला गेला. कापसाने पाठ फिरवली आणि तो पश्चिमेला मुंबईकडे धावू लागला. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर काही कापूस नागपुरातच कातला जाऊ लागला. मिर्झापूरची पेठ ओसरली, तांडे पांगले, पडावांवर गवत माजले.

रस्त्याला दुसरा जन्म मिळाला तोही नागपुरातच. डिसेंबर १९४३ मध्ये देशातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि तिने वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. ‘नागपूर योजना’ या नावाने अभियांत्रिकीचे विद्यार्थी ती आजही अभ्यासतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही उतरंड या योजनेने रुजवली. एप्रिल १९४७ मध्ये राष्ट्रीय महामार्गांची जबाबदारी केंद्राने घेतली. वाराणसी, मिर्झापूर, रीवा, जबलपूर, नागपूर आणि खाली थेट कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या मार्गाला क्रमांक मिळाला ७. जुना दक्षिणापथ सरकारी फायलीत असा नव्याने नोंदवला गेला. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर नागपूर-शिवनी हा भाग श्रीनगर ते कन्याकुमारी अशा क्रमांक ४४ मध्ये मोडतो.

मनसरनंतर चोरबाहुली, देवलापार आणि खवासा. १९७५ मध्ये इथल्या जंगलाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्प झाला. याच रानातून वाघ कान्हाकडे जातात, म्हणजे महामार्ग ओलांडतात. चौपदरीकरणाचा प्रस्ताव आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की माणसांची वाट मोठी करायची तर जनावरांच्या वाटेचे काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रीय हरित लवाद आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशा तिन्ही दारांत गेले. वर्षे गेली, दरम्यान रस्त्याची चाळण झाली, ट्रक रुतले, गावकरी वैतागले. दोन्ही बाजूंच्या माणसांची तक्रार खरी होती.

अखेर तोडगा निघाला तो बांधकामाचा. महाराष्ट्राच्या हद्दीत महामार्ग नऊ ठिकाणी उचलून घेण्यात आला. पाच भुयारी मार्ग खास वन्यप्राण्यांसाठी आणि चार लहान पूल. सर्वांत लांब बांधकाम साडेसातशे मीटरचे आहे. मध्यप्रदेशाच्या बाजूलाही उन्नत मार्ग झाला आणि त्याला आवाज व प्रकाश अडवणाऱ्या भिंती लावल्या गेल्या. या सगळ्यासाठी रस्त्याकडेची झाडे गेली, त्यांत जुनीही होती. ती किंमत चुकवली गेली हे विसरून या प्रकल्पाचे कौतुक करता येणार नाही.

भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये या पुलांखाली स्वयंचलित कॅमेरे लावले. त्यांत अठरा प्रजातींचे वन्यप्राणी टिपले गेले: चितळ, रानडुक्कर, रानकुत्री, बिबट्या. पट्ट्यांवरून ओळखता आलेले वाघ अकरा निघाले आणि त्यांनी एकूण ८९ वेळा पुलाखालून ये-जा केली होती. पुलाखाली डांबर नाही, माती आहे. वर ट्रक उत्तर-दक्षिण धावतात आणि खाली ठसे पूर्व-पश्चिम उमटतात. व्याघ्रप्रकल्पाच्या त्या भागात माणसाला पायी फिरण्याची परवानगी नाही. ज्यांना चालायचे आहे त्यांनी मनसरला उतरावे आणि रामटेकचा रस्ता धरावा.